प्लॉटचा सौदा करण्यापूर्वी : नकाशावरची गोल रेघ, जमिनीचा उतार आणि पाण्याची पातळी

नगरला प्लॉट दाखवणारा दलाल हल्ली नकाशाची गुंडाळी काखेत घेऊन फिरत नाही. तो खिशातून मोबाईल काढतो. पडद्यावर एक टाचणी, टाचणीभोवती एक गोल. "भाई, शंभर मीटरचा गोल आहे, आपला प्लॉट बाहेर आहे. बिनधास्त बयाणा द्या." गोल रंगीत असतो, आकडा पक्का वाटतो, आणि आपला कारागीर भाऊ वीस वर्षांची कमाई त्या गोलाच्या भरवशावर मोकळी करतो.

नकाशाच्या भाषेत या गोलाला 'बफर' म्हणतात. एखादी वास्तू, नदी, रस्ता किंवा विहीर घ्यायची आणि तिच्यापासून ठराविक अंतरापर्यंतचा पट्टा आखायचा, एवढाच त्याचा अर्थ. काम सोपे दिसते. संगणकाला अंतर सांगितले की तो क्षणात पट्टा काढून देतो. पण संगणक कागद पाहतो, जमीन पाहत नाही. कागद सपाट असतो आणि आपला जिल्हा सपाट नाही. पश्चिमेला अकोले तालुक्यात महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. शहराची उंची सुमारे ६५० मीटर. आणि शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबीबीचा महाल म्हणतात, ती शहरापेक्षा अडीचशे मीटरहून अधिक उंच. अशा मुलखात उतार आणि उंची विचारात घेऊन पट्टा आखणे ही वेगळी कारागिरी आहे. ती ज्याला येत नाही त्याच्या गोलावर पैसे लावू नयेत, आणि आपल्या मुलांनी ती शिकली तर त्यात रोजी आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आधी आमच्याच घरची गोष्ट. आमचा धंदा गादी-कापसाचा. काही वर्षांपूर्वी शहराबाहेर एका ओढ्याजवळ गोदाम भाड्याने घ्यायचे ठरले. ओढा जवळ म्हणून मनात धाकधूक होती, म्हणून एकाकडून पैसे देऊन नकाशा करून घेतला. त्याने ओढ्याच्या दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटरचा पट्टा निळ्या रंगात आखला. आमचे गोदाम साठ मीटरवर, म्हणजे पट्ट्याबाहेर. पलीकडच्या काठावर एक पिठाची गिरणी जेमतेम वीस मीटरवर, म्हणजे पूर्ण पट्ट्यात. सप्टेंबरमध्ये एका रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. गिरणीच्या पायरीलाही पाणी लागले नाही, कारण ती मुरमाच्या उंचवट्यावर. आमच्या गोदामात गुडघाभर पाणी. कापूस भिजला की त्याचे काय होते हे पिंजाऱ्याच्या पोराला सांगायला नको. वाळवला तरी वास जात नाही आणि गाठी सुटत नाहीत. नकाशावाल्याने अंतर बरोबर मोजले होते. पाण्याने मात्र अंतर विचारलेच नाही, त्याने उंची विचारली.

वास्तूभोवतीचा शंभर आणि तीनशेचा हिशोब

आता कायद्याकडे वळू, कारण आपल्या वस्त्या आणि दुकाने नेमकी जुन्या वास्तूंच्या आसपास आहेत. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली आणि चार वर्षांनी शहराचा पाया घातला. त्या काळातील दमडी मशीद, फराहबाग, सलाबतखानाची कबर अशा कितीतरी वास्तू आज केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने अशा वास्तूंभोवती १०० मीटर मनाई क्षेत्र आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरले, आणि २०१० च्या दुरुस्तीने ते थेट कायद्यात आले. मनाई क्षेत्रात नवे बांधकाम नाही. १९९२ च्या त्या तारखेपूर्वीचे घर किंवा दुकान असेल तर दुरुस्तीला परवानगी मागता येते. नियंत्रित क्षेत्रात बांधकाम करता येते, पण ना-हरकत दाखला घेऊनच. न घेता बांधले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. या नियमात सूट देण्याची चर्चा वरचेवर होते. तेव्हा अर्ज करताना त्या दिवशीचा नियम खात्यात विचारून घ्यावा, ऐकीव बातमीवर चालू नये.

या पट्ट्यात फसगत होण्याच्या तीन जागा आहेत.

पहिली टाचणीची. मोबाईलवरची टाचणी घुमटाच्या मधोमध असते. कायदा मात्र संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतो. समजा आवाराची भिंत घुमटापासून ४० मीटरवर आहे. तर त्या बाजूला मनाईची हद्द टाचणीपासून १४० मीटरवर जाईल. दलालाच्या गोलात हे चाळीस मीटर खाल्ले जातात. आवार चौकोनी असेल तर खरा पट्टाही गोल येत नाही, कोपरे गोलावलेला चौकोन येतो. म्हणूनच पडद्यावर अगदी नीटस वर्तुळ दिसले की मला आधी शंका येते.

दुसरी जागा अक्षांश-रेखांशाची, आणि ही शिकलेल्यांनाही चकवते. मोबाईलमधून आलेले ठिकाण अंशांत असते. पृथ्वी गोल असल्याने आपल्या नगरच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा, तर पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचाच भरतो. नवशिक्याने मीटरचे अंश केले आणि तसाच गोल काढला, तर उत्तर-दक्षिण अंतर बरोबर येते, पण पूर्वेला आणि पश्चिमेला १०० मीटरचे ९५ आणि ३०० मीटरचे २८५ होतात. ज्याचा प्लॉट हद्दीपासून पूर्वेला २९० मीटरवर आहे त्याला वाटते की दाखल्याची गरज नाही. तो पाया खोदतो आणि मग नोटीस येते. उपाय अगदी साधा आहे. मोजण्यापूर्वी नकाशा मीटरच्या पद्धतीत आणायचा. नगर जिल्ह्यासाठी यूटीएमचा ४३ उत्तर हा विभाग लागतो. नकाशा करणाऱ्याला हा एकच प्रश्न विचारावा. तो गडबडला तर नकाशा घेऊ नये.

तिसरी जागा उताराची. भूमापनात अंतर नेहमी आडवे धरतात, म्हणजे आकाशातून सरळ खाली पाहिल्यावर दिसेल तेवढे. आपण मात्र फीता जमिनीला टेकवून धरतो. शंभराला तीस चढ असलेल्या डोंगराच्या अंगावर फीता १०० मीटर दाखवत असेल, तेव्हा आडवे अंतर ९५.८ मीटरच असते. पंचेचाळीस अंशांच्या कड्याला तर अवघे ७०.७. म्हणजे फीता म्हणतो बाहेर आलास, आणि कायदा म्हणतो अजून आत आहेस. शाह डोंगरासारख्या जागी ही चूक चार-पाच मीटरला जाते. शहरातल्या पेठेत तिची फिकीर करू नये. शंभराला पाच उतार असला तरी शंभर मीटरमागे फरक बारा-तेरा सेंटीमीटरचा, एका वितीपेक्षाही कमी. जिथे उतार नाही तिथे उताराचे कौतुक करून जादा पैसे मागणारेही भेटतील, त्यांनाही ओळखून असावे.

नदीला अंतर कळत नाही

सीना शहराच्या पश्चिम अंगाने जाते. तिच्या पूररेषेवरून शहरात बरीच वादावादी झाली आहे आणि अनेकांचे प्लॉट त्या रेषेत अडकले आहेत. आपल्या राज्यात दोन रेषा मानतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी ते निळी रेषा हा भाग बांधकामाला बंद, निळी ते लाल हा भाग अटींवर खुला. नदीपासून अमुक फूट, असा हा हिशोब नसतो. जिथे काठ उंच तिथे रेषा पाण्याला बिलगून जाते, जिथे सखल तिथे ती पार गल्लीत शिरते. शेजारच्या दोन दुकानांपैकी एक रेषेत आणि एक बाहेर, असे दिसले की आपण लगेच म्हणतो, पैसे खाल्ले असतील. कधी खाल्लेही असतील. पण पुष्कळदा ती जमिनीची उंची असते.

या कामासाठी उंचीचा नकाशा लागतो आणि तो आज फुकट मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या 'एंडेव्हर' यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने बहुतेक जगाच्या जमिनीची उंची मोजली. आपल्या इस्रोने २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या चित्रांवरूनही भारताचा उंचीचा नकाशा झाला, तो 'भुवन'च्या संकेतस्थळावर आहे. दोन्हींत जमीन तीस बाय तीस मीटरच्या चौकटींत विभागलेली आणि प्रत्येक चौकटीला उंचीचा एक आकडा.

इथेच सावध व्हायचे. तीस बाय तीस म्हणजे नऊशे चौरस मीटर, सुमारे नऊ गुंठे. आपला प्लॉट दोन गुंठ्यांचा! नऊ गुंठ्यांना मिळून एकच उंची, तीही कधी घराच्या छपराची किंवा झाडाच्या शेंड्याची, आणि त्यातही काही मीटरची चूक संभवते. त्यामुळे या माहितीवरून कुठली बाजू सखल, कुठून पाणी शिरेल, कुठे जास्त चौकशी करावी, एवढे समजते. पूररेषा मात्र जलसंपदा खात्याची आणि हद्द भूमी अभिलेखची, कचेरीत तीच चालते. घरी केलेला नकाशा पुढे ठेवून साहेबाशी भांडायला जाऊ नये. तो नेऊन नेमका प्रश्न विचारावा.

आणखी एक बारकावा. नदी वाहते म्हणजे तिचे पात्र खाली उतरत जाते. शहरात शिरताना पात्राची उंची समजा ६५० मीटर आणि बाहेर पडताना ६४० आहे. कोणी सगळ्या शहरासाठी '६४५ च्या खालची जमीन धोक्याची' असा एकच आकडा लावला, तर वरच्या टोकाला नदीचे पात्रसुद्धा सुरक्षित ठरेल आणि खालच्या टोकाला पाच मीटर उंचावरचे घरही बुडालेले दिसेल. म्हणून प्रत्येक चौकटीचे पाणी वाहत नदीला जिथे मिळते, तिथल्या पात्रापेक्षा ती चौकट किती उंच आहे हे पाहावे लागते. शेकडो चौकटींसाठी हे हाताने करणे माणसाचे काम नव्हे.

स्क्रिप्ट म्हणजे काय

आपल्या कारखान्यात नवा पोऱ्या आला की उस्ताद त्याला क्रम सांगतो. आधी माप घे, मग गुण्या लाव, मग काप, मग कानस मार. क्रम चुकला की माल वाया. संगणकाला असाच क्रम लिहून दिला की त्याला स्क्रिप्ट म्हणतात. लिहायची भाषा बहुधा पायथन. ज्यावर ती चालते तो क्यूजीआयएस नावाचा नकाशांचा कार्यक्रम २००२ पासून जगभरचे लोक मिळून घडवत आहेत आणि तो पूर्ण मोफत आहे. चोरीची प्रत वापरण्याचा प्रश्नच येत नाही.

आमच्या गोदामासाठी योग्य नकाशा कसा झाला असता? ओढ्याची रेघ घ्यायची आणि ती मीटरच्या पद्धतीत आणायची. मग दोन्ही बाजूंना दोनशे मीटरचा मोठा पट्टा काढायचा. हा फक्त शोधाचा परिसर, निकाल नव्हे. त्या पट्ट्यापुरती उंचीची माहिती कापून घ्यायची. प्रत्येक चौकट ओढ्याच्या आपल्या भागापेक्षा किती उंच ते काढायचे. मग अट घालायची : उंची तीन मीटरपेक्षा कमी आणि जमीन ओढ्याशी सलग जोडलेली. अटीत बसणाऱ्या चौकटी एकत्र करून त्यांची हद्द आखायची, आणि तिच्या पायऱ्यांसारख्या कडा थोड्या साफ करायच्या, पण इतक्याही नाही की एखाद्याचे घर आतून बाहेर जाईल. असा पट्टा एका काठाला दहा मीटरचा आणि दुसऱ्याला नव्वदचा निघतो. दिसायला वेडावाकडा, पण आमचे गोदाम त्यात आले असते आणि गिरणी सुटली असती.

हे एकदा लिहिले की दुसऱ्या ओढ्यासाठी फक्त रेघ बदलायची. एक प्लॉट असो वा चारशे, क्रम तोच राहतो. मला यातली मोठी गोष्ट वेगाची वाटत नाही. लिहिलेला क्रम दुसऱ्याला वाचता येतो आणि चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येते. हाताने आखलेल्या नकाशात चूक कोणाची, हे कधीच सापडत नाही. मापातील खोटीबद्दल सूरह मुतफ्फिफीनमध्ये काय ताकीद आहे ते आपल्या व्यापाऱ्याला सांगायला नको. नकाशा हेही मापच आहे.

उताराचा हिशोब आपल्या लोकांना नवा नाही, ही गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. निजामशाहीत कापूरवाडी, भिंगार अशा बाजूंनी खापरी नळांनी शहरात आणि बागांत पाणी आणले गेले. पंप नव्हता, वीज नव्हती. वरून खाली येणाऱ्या पाण्याला वाटेत कुठेही चढ लागू नये, एवढ्या एका अटीवर मैलोगणती नळ टाकले गेले. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा होता. ते काम करणाऱ्या मिस्त्रींची नावे उरली नाहीत.

गिऱ्हाईक किती लांबून येईल

पट्टा फक्त धोक्याचा नसतो, धंद्याचाही असतो. अकोले तालुक्यात राजूरच्या बाजारात मणियाराने किंवा भांडेवाल्याने दुकान मांडायचे ठरवले, तर तासाभरात पायी येणारी गावे कोणती? सपाटीवर माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो. म्हणून नकाशावर पाच किलोमीटरचा गोल काढला तर सह्याद्रीत तो खोटा ठरतो. अमेरिकेचे भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९९३ मध्ये यासाठी एक सूत्र मांडले. त्यानुसार शंभराला वीस चढ असेल तर चाल तासाला अडीच किलोमीटरवर येते, म्हणजे निम्मी. हलक्या उतारावर ती सहापर्यंत जाते. प्रत्येक चौकट ओलांडायला किती वेळ लागेल ते बेरजेत धरले की तासाभराचा खरा पट्टा मिळतो. खोऱ्याच्या बाजूला लांबलेला, कड्याच्या बाजूला आखडलेला. जलाशयापलीकडचे गाव सरळ रेषेत जवळ दिसते, पण पाण्याला वळसा आहे, म्हणून तेही बाहेर पडते. आजकाल मोटारसायकल घरोघरी आहे हे खरे, पण डोक्यावर बोजा घेऊन बाजाराला येणारी बाई अजून चालतच येते. हातगाडीवाल्या बागवान भावाला तर चढ म्हणजे काय ते सूत्राशिवाय कळते.

कोणाला काम मिळेल

१५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि भूगोलविषयक माहितीचे नियम सैल केले. पूर्वीसारखी जागोजागी परवानगी लागत नाही. त्यामुळे एक बरा संगणक आणि सहा-आठ महिन्यांची मेहनत, एवढ्या भांडवलावर हे काम सुरू करता येते. आयटीआयच्या ड्राफ्ट्समन किंवा सर्व्हेअरच्या मुलांना ते लवकर जमेल. गिऱ्हाईक म्हणजे वास्तुविशारद, प्लॉटवाले, सोसायट्या, गोदामवाले. आणि आपल्या मशिदी, दर्गे, कबरस्ताने. ६ जून २०२५ रोजी सुरू झालेल्या 'उमीद' पोर्टलवर वक्फ मिळकतींची मोजमापे आणि नकाशावरील ठिकाण मागितले गेले, तेव्हा किती विश्वस्तांची धावपळ झाली ते आपण पाहिले. त्यातही टाचणीचाच घोळ. कबरस्तानच्या फाटकावर टाचणी लावली म्हणजे कबरस्तानची हद्द नोंदली, असे होत नाही. चारही कोपरे मोजून हद्दीचा नकाशा जपला पाहिजे. तो एकदा झाला की त्याच्यावरून पट्टा काढणे दोन मिनिटांचे काम.

मुलांना एक इशारा. नगर हे लष्कराचे ठाणे आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि भिंगारला छावणी आहे. चांगली उंची मिळावी म्हणून परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. दोन गुंठ्यांच्या प्लॉटची उंची लेव्हल मशीन लावून अर्ध्या दिवसात घेता येते.

आणि ज्याला फक्त प्लॉट घ्यायचा आहे त्याच्यासाठी. बयाण्याआधी सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, गट नंबर आणि मोजणीचा नकाशा हातात असू द्या. मोजणी झाली नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. पैसे लागतात, पण बयाण्यापेक्षा कमी. जवळ संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याकडून तिची नेमकी हद्द विचारा, नदी-ओढा असेल तर नगररचना खात्याकडे पूररेषेचा नकाशा पाहा. नकाशावाल्याकडून काम घ्याल तेव्हा त्याच कागदावर चार गोष्टी लिहून घ्या : अंतर कुठून मोजले, आडवे की जमिनीवरून, उंचीची माहिती कोठली, आणि नकाशा कोणत्या तारखेचा. खाली त्याची सही. पावसाळ्यात एकदा स्वतः प्लॉटवर जाऊन पाणी कुठे साचते तेही पाहा, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला विचारा की मोठ्या पुरात पाणी कुठवर आले होते. आमच्या गोदामाच्या शेजारी असा एक म्हातारा होता. त्याने भिंतीवर खूण करून ठेवली होती, कमरेएवढी. आम्ही ती पाहिली पाणी ओसरल्यावर.